मिश्र मत्स्यालयासाठी गुरामीची निवड : रंग पाहून नव्हे, स्वभाव पाहून

कर्जत आणि खालापूर हे तालुके मुख्यतः भाताचे. भिवपुरीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी राजनाल्याच्या कालव्याने शिवारात येते, त्यावर कर्जत भागात उन्हाळी भातही पिकते. तथापि लहान खातेदाराचे वर्ष केवळ भातावर निघत नाही, आणि त्यास एखाद्या जोडधंद्याची गरज भासते. शोभिवंत मत्स्यपालन हा असाच एक जोडधंदा होय. कर्जत आणि खोपोली ही मुंबईच्या लोकलची अखेरची स्थानके आहेत, आणि शोभिवंत माशांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले कुर्ले याच मार्गावर आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत, जी २०२० साली सुरू झाली, परसातील संगोपन केंद्रासाठी ३ लाख रुपयांपर्यंतचा खर्च ग्राह्य धरण्यात आला. त्यावर सर्वसाधारण गटास ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींस ६० टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. बाजार जवळ आहे, पाणीही आहे. प्रश्न आहे तो योग्य माशाच्या निवडीचा.

हौशी गृहस्थ बहुधा निरनिराळ्या जातींचे मासे एकाच टाकीत ठेवतो. अशा मिश्र मत्स्यालयात गुरामीला मोठी मागणी असते. परंतु ‘गुरामी’ या एका नावाखाली बोटाएवढा मासाही विकला जातो आणि हातभर लांबीचाही. सौम्य मासाही त्याच नावाचा आणि भांडखोरही त्याच नावाचा. ‘भात’ म्हणून हाती येईल ते बियाणे कोणीही शहाणा शेतकरी पेरीत नाही. पाणी लवकर ओसरणाऱ्या जागी तो कर्जत-३ सारखे हळवे वाण घेतो आणि पाणी टिकणाऱ्या खोल खाचरात कर्जत-२ सारखे गरवे. तोच विवेक येथेही लागतो.

गुरामीचे वैशिष्ट्य

गुरामीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस एक घडीदार श्वसनेंद्रिय असते. त्यामुळे हा मासा पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. पावसाळ्यात वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला तरी तो तग धरतो. यावरून काही जण असा समज करून घेतात की, गुरामीला घाणेरडे पाणीही चालते. हा समज चुकीचा आहे. हवा वरून घेता आली तरी विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून होणारा अमोनिया त्यालाही मारतो. शिवाय टाकीतील सोबत्यांना ही सोय नसते. पंप बंद पडल्यावर गुरामी वाचते आणि बाकीचे मरतात, अशी पाळी येऊ शकते.

दुसरे वैशिष्ट्य नराच्या वागणुकीचे. बहुतेक गुरामींचा नर पृष्ठभागावर फेसाचे घरटे बांधतो आणि त्याची राखण करतो. त्या काळात तो जवळ येणाऱ्या प्रत्येक माशावर धावून जातो. टाकी लहान असेल तर पळायला जागाच उरत नाही.

कोणती घ्यावी, कोणती टाळावी

हनी गुरामी ही मूळची गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील. लांबी सुमारे ५ सेंटिमीटर, स्वभाव भित्रा व शांत. ५० लिटरच्या टाकीत तिची जोडी सुखाने राहते. लहान टाकीच्या ग्राहकास देण्यास हिच्याइतकी योग्य गुरामी दुसरी नाही.

पर्ल गुरामी मलाया, सुमात्रा आणि बोर्निओ येथील. अंगावर मोत्यांसारखे ठिपके, लांबी १० ते १२ सेंटिमीटर. आकार मोठा असूनही ती सहसा कोणाच्या वाट्याला जात नाही. तिला १०० लिटरहून मोठी टाकी आणि भरपूर पाणवनस्पती हव्यात.

ड्वार्फ गुरामी लाल-निळ्या पट्ट्यांमुळे सर्वांत आकर्षक दिसते. मात्र दोन नर एकत्र ठेवल्यास भांडण ठरलेले. शिवाय परदेशातील मोठ्या संवर्धन केंद्रांतून येणाऱ्या ड्वार्फ गुरामीत एक विषाणूजन्य रोग आढळतो व त्यावर औषध नाही. म्हणून नवी खरेदी काही आठवडे निराळ्या टाकीत ठेवून मगच इतरांत सोडावी.

ब्ल्यू गुरामीच्या बाबतीत मतभेद संभवतो. ती काटक आहे, अंडी विपुल देते, कमी खर्चात वाढते. उत्पादकास ती प्रिय असणे स्वाभाविक आहे. परंतु ती १२ ते १५ सेंटिमीटर वाढते, आणि वय वाढेल तसा नर दांडगाई करू लागतो. बाजारात मिळणारी सोनेरी गुरामी हाही याच जातीचा रंगभेद आहे. रंग बदलला म्हणून स्वभाव बदलत नाही. ही जात वाईट नव्हे. मोठ्या टाकीत, तिच्याच मापाच्या सोबत्यांत ती शोभते. ५० लिटरच्या टाकीसाठी ती विकणे मात्र अयोग्य होय.

किसिंग गुरामी २५ ते ३० सेंटिमीटर वाढते, आणि जायंट गुरामी ६० सेंटिमीटरच्याही पुढे जाते. दुकानात दिसतात ती पिल्ले असतात. घरगुती मिश्र मत्स्यालयासाठी या दोन्ही जाती टाळाव्यात.

सोबती कसे जुळवावेत

मिश्र मत्स्यशेतीतील नियम शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिघांचे एका तळ्यात जमते. काचेच्या टाकीतही तोच नियम लागू पडतो. गुरामी वरच्या व मधल्या थरात वावरते. मध्यावर लहान टेट्रा किंवा रासबोरा आणि तळाशी कोरीडोरास दिल्यास कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. गुरामीच्या पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर असतात. त्यांनी ती चाचपडते. टायगर बार्ब हे पर कुरतडतो, म्हणून त्याची सोबत नको. फायटर हा गुरामीचा भाऊबंद. भाऊबंदकी टाकीतही चुकत नाही, त्यालाही दूर ठेवावे. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, गुरामीला २४ ते २८ अंश सेल्सिअस. ती जोडीही जमत नाही. एका नरामागे दोन माद्या ठेवणे हितावह. ज्याचा पाठीवरचा पर टोकदार तो बहुधा नर, गोलसर ती मादी. टाकीवर झाकण असावे, म्हणजे पाण्यावरची हवा उबदार राहते. कर्जतच्या हिवाळी रात्रींत याची विशेष गरज आहे.

नको असलेला मासा नदीत नको

याहून गंभीर एक बाब आहे. वाढलेला किंवा भांडखोर मासा ‘जीव वाचावा’ म्हणून ओढ्यात सोडण्याची प्रवृत्ती दिसते. हेतू चांगला असला तरी परिणाम घातक होतो. तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि पुढे देशातील अनेक जलाशयांत पसरला. मत्स्यालयातून सुटलेला सकर मासा उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. ब्ल्यू गुरामी तर हवेवर जगणारी. उथळ, कोमट खाचरातही ती टिकू शकते. पहिल्या पावसात वळगणीला चढणारे मासे हे या भागातील गोरगरिबांचे हक्काचे कालवण आहे. उल्हास, पेज आणि पाताळगंगा यांच्या पाण्यात परका मासा शिरला तर या कालवणावर घाला येऊ शकतो, आणि एकदा रुजलेला मासा परत काढता येत नाही. यास्तव संगोपनाच्या टाक्यांचे पाणी जाळीतून गाळून परसबागेस द्यावे, ते ओढ्यात सोडू नये. आणि ग्राहकाला नकोसा झालेला मासा परत घेण्याची तयारी उत्पादकाने ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटांना एक साधी सवय लावावी. माशाच्या प्रत्येक पिशवीवर तीन गोष्टी लिहाव्यात : जातीचे पूर्ण नाव, पूर्ण वाढीची लांबी आणि लागणारी टाकी. त्यामुळे एखादे गिऱ्हाईक त्या दिवशी रिकाम्या हाताने जाईल. परंतु चुकीचा मासा नेलेल्या ग्राहकाची टाकी महिन्याभरात उजाड झाली तर तो पुन्हा येत नाही, आणि शेजाऱ्यालाही येऊ देत नाही. खात्रीचे बियाणे देणाऱ्याच्या दारी शेतकरी दरवर्षी जातो. मत्स्यव्यवसायातही हीच खात्री लहान उत्पादकाचे खरे भांडवल ठरेल.