एफ-वन दाबून बसलेल्यांकडून

प्रति,
ऑफिस सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख, आणि त्यांच्याकडे ‘हेल्प’चं खातं सांभाळणारी मंडळी यांस,



मी एका तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवते. अकरा मशीन, सकाळी सातपासून बॅचेस, परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलंमुली. याच खोलीत पूर्वी रेमिंग्टन आणि गोदरेज खडखडत असत. गोदरेजनं २००९ साली टाइपरायटर बनवणं थांबवलं. आमच्याकडचे शेवटचे दोन अजून माळ्यावर आहेत, विकवत नाहीत. टाइपरायटर बिघडला की कुठे बिघडला ते डोळ्यांना दिसायचं. रिबीन गुंडाळली, दांड्या एकमेकींत अडकल्या, कॅरेजचा पट्टा तुटला. हात काळे व्हायचे, पण कुणावर खोटा आळ यायचा नाही.

खोट्या आळाबद्दलच हे पत्र आहे. कोणत्या कंपनीचं सॉफ्टवेअर ते लिहीत नाही, कारण तुमच्यापैकी कुणाच्याही दारात हे घडू शकतं.

जुलैतली गोष्ट. आठच्या बॅचला एक मुलगी तक्ता करत होती. तक्ता लांबला, दुसऱ्या पानावर गेला, आणि वरच्या मथळ्याची ओळ दुसऱ्या पानावरही यावी असं तिला वाटलं. मला येत होतं ते. पण सगळं मीच सांगितलं तर परीक्षेत कोण सांगणार? म्हणून मी नेहमी म्हणते तेच म्हणाले, “एफ-वन दाब.” तिनं दाबलं. उजवीकडे एक पांढरा पट्टा उघडला. त्यात एक कडं गोल गोल फिरत राहिलं. मग इंग्रजीत चार ओळी आल्या, त्यांचा अर्थ एवढाच, की मदत उघडता येत नाही, तुमचं इंटरनेट तपासा. खाली ‘अधिक माहिती’ म्हणून निळ्या अक्षरांत एक दुवा. तिनं तोही दाबला. तोही उघडला नाही. माझ्याकडे वळून ती म्हणाली, “मॅडम, मदत का उघडत नाही याची मदतपण नेटवरच ठेवलीय.”

वर्ग हसला. मीही हसले. नंतरचे दोन दिवस मात्र हसण्यासारखे गेले नाहीत.

इंटरनेट तपासा म्हणालात, म्हणून तपासलं. राउटर बंद करून चालू केला, त्यात बाकीच्या दहा जणांची कामं अडली. वायर बदलली. शेजारच्या मशीनवर तोच पट्टा झटक्यात उघडत होता, म्हणजे वायरमध्येच काहीतरी असणार असं आम्ही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरचं बघणारा मुलगा आला. त्यानं काळी खिडकी उघडून पिंग मारलं, चारही उत्तरं परत आली. “मॅडम, नेट एकदम ओके आहे. सॉफ्टवेअर उडवून परत टाकावं लागेल, सकाळी येतो,” म्हणाला आणि त्या दिवसाचे दोनशे रुपये घेऊन गेला.

संध्याकाळी लाइटबिल भरायला मी नेमकी त्याच मशीनवर बसले. ब्राउझर उघडला, तर त्यानं बिलाचं पान दाखवायच्या आधी स्वच्छ सांगितलं, की तुमचं घड्याळ मागे आहे. खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. १ जानेवारी २०१२.

मदरबोर्डवरचा सेल गेला होता. सीआर २०३२, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, आमच्या नाक्यावर चाळीस रुपयांना मिळतो. मशीन बंद असताना तारीख-वेळ धरून ठेवायचं काम त्याचं. उन्हाळ्यात कळलं नाही, कारण मशीनच्या मागचं बटण चालूच असायचं आणि भिंतीतून येणाऱ्या विजेवर घड्याळ चालत राहायचं. पावसाळा लागला तशी विजेच्या भीतीनं आम्ही रात्री मेन स्विच पाडायला लागलो, आणि मशीन रोज सकाळी २०१२ सालात उठायला लागलं. फरक काही मिनिटांचा असता तर त्यानं नेटवरून स्वतःच वेळ जुळवून घेतली असती. इतक्या वर्षांचा फरक ते आपणहून मिटवत नाही. टायपिंगच्या वर्गात कोपऱ्यातल्या तारखेकडे कोण बघतो?

तारखेचा आणि मदतीचा संबंध तुम्हाला माहीत आहे, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहिते. तुमचं मदतीचं पान सुरक्षित जोडणीवरून येतं. ती जोडणी होण्याआधी समोरचा सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो, आणि त्या प्रमाणपत्रावर ते केव्हापासून केव्हापर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. २०१२ सालात बसलेल्या मशीनला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेलं वाटतं. ते जोडणी नाकारतं, आणि त्याच्या परीनं बरोबरच करतं. एखादा कारकून पुढची तारीख घातलेला चेक परत करतो, तसंच.

आता माझी तक्रार ऐका. जोडणी का तुटली हे तुमच्या प्रोग्रॅमला कळतं. तारखेमुळे नाकारलेल्या प्रमाणपत्राला वेगळा कोड असतो, पत्ता न सापडल्याला वेगळा, प्रॉक्सीनं अडवल्याला वेगळा. ब्राउझरनं तोच कोड वाचून मला घड्याळ बघायला सांगितलं. तुमच्या पट्ट्यानं तो वाचला, बाजूला ठेवला आणि इंटरनेटवर ढकलून मोकळा झाला. तुमच्या एका वाक्यामुळे आमचा राउटर आणि वायर विनाकारण संशयात आले.

पूर्वी असं नव्हतं म्हणून रडणाऱ्यांतली मी नाही. एफ-वन म्हणजे मदत हेही काही अनादिकाळापासून चालत आलेलं नाही. आयबीएमनं १९८७ साली आपल्या नियमावलीत ते पक्कं केलं; वर्डपरफेक्टवर शिकलेल्यांना मदत एफ-थ्रीवर असायची हे आठवत असेल. १९९० साली विंडोज ३.० आलं तेव्हा मदतीची फाइल प्रोग्रॅमबरोबरच डिस्कवर यायची. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये तो डोळे मिचकावणारा क्लिप होता, पत्र लिहायला घेतलं की मध्ये मध्ये करायचा. सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या, मीही घातल्या. पण तो घरात राहायचा. ६५० एमबीच्या सीडीवर सॉफ्टवेअर, मदत आणि तो आगाऊ क्लिप असं सगळं मावत होतं.

घरातली मदत बिघडायचीच नाही असंही नाही. एका जुन्या हिशोबाच्या प्रोग्रॅमची मदत-फाइल मी सगळ्या मशीनना दिसावी म्हणून सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती. डावीकडे विषयांची यादी व्यवस्थित दिसायची आणि उजवीकडे कोरा कागद. नेटवर्कवरून उघडलेल्या अशा सीएचएम मदत-फाइलवर मायक्रोसॉफ्टनं २००५ साली सुरक्षेसाठी बंधन घातलं होतं, आणि ते घालणं योग्यच होतं. फाइल प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवली की उघडायची. तिथेही कोऱ्या कागदानं कारण सांगितलं नव्हतंच, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअर दर महिन्याला बदलतं, डिस्कवरची मदत शिळी होते. यात तथ्य आहे. दोन आवृत्त्या मागची मदत वाचून, उडालेला मेनू शोधत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न बघा. तक्त्याचा मथळा प्रत्येक पानावर आणायची सोय, आजचं ‘रिपीट हेडर रोज’, वीस वर्षांपूर्वीही होती, आजही आहे. आमच्याकडे विचारले जाणारे बहुतेक प्रश्न असेच असतात. पान आडवं कसं करू, पानाचा नंबर दुसऱ्या पानापासून कसा टाकू, बेरीज का येत नाही. हे शिळं होत नाही.

यापेक्षाही एक गोष्ट मला जास्त टोचते. तुमच्या मदतीच्या पानाच्या तळाशी एक प्रश्न असतो, ही माहिती उपयोगी पडली का, हो की नाही. त्यावरून तुम्ही आमची अडचण मोजता, असं मी समजते. पण ज्याचं पान उघडलंच नाही त्याला तो प्रश्न दिसतच नाही. त्यानं ‘नाही’ कुठे दाबायचं? पान उघडलं आणि उत्तर पटलं नाही, तो तुमच्या आकड्यात येतो. कडं फिरताना बघून ज्यानं खिडकी बंद केली, तो येत नाही. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीनं केबल तोडली की आमचं गाव तीन-तीन दिवस तुमच्या तक्त्यातून गायब असतं. तेवढ्या काळात तिकडे बहुधा समाधानाचा टक्का वाढत असेल.

मदतीवाचून अडणारी ही माणसं कोण, तेही सांगते. एका शाळेच्या लॅबमध्ये ठरावीक साइट सोडून सगळं बंद केलंय. मदतीचं मुख्य पान यादीत आहे, पण चित्रं दुसऱ्या पत्त्यावरून येतात, तो पत्ता यादीत नाही. म्हणून ‘खालील चित्रात दाखवलेलं बटण दाबा’ आणि खाली मोकळी चौकट. एका पतसंस्थेत सॉफ्टवेअर टाकणाऱ्यानं खासगीपणाच्या पानावरचे ऑनलाइन सेवांचे सगळे टिक काढून टाकले. चांगल्या हेतूनं काढले; त्यातल्याच एकाबरोबर मदतही गेली, आणि ज्यानं काढले तो आता पुण्यात नोकरीला आहे. कुणाचं मशीन जुनं. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, पण त्याच्याच काचेतून मदत दाखवणारे जुने प्रोग्रॅम ऑफिसांत अजून रोज उघडले जातात, आणि नव्या पानांना ती काच चालत नाही. या तिघांपैकी कुणालाही खरं कारण दिसत नाही.

लिब्रेऑफिसवाल्यांकडे यावर एक साधी सोय आहे. मदतीचा वेगळा संच उतरवून मशीनवर टाकला की एफ-वन दाबल्यावर पान स्वतःच्या डिस्कवरून ब्राउझरमध्ये उघडतं, नेट असो नसो. विंडोजवर तो संच मुख्य सॉफ्टवेअरबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज त्याला तो आहे हेच माहीत नसतं. पण आहे तरी. मी दोन मशीनवर टाकलाय. जेसीबीच्या दिवसांत मुलं त्या दोन मशीनभोवती गोळा होतात.

तेव्हा मागणं फार नाही. मदतीची एक प्रत, शिळी का होईना, आमच्या डिस्कवर ठेवा, आणि वर तिची तारीख छापा. शिळं काय आणि ताजं काय ते आम्ही बघू. ज्या डिस्कवर तुम्ही आम्हाला न विचारता ढीगभर फॉन्ट ठेवता, तिथे तेवढी जागा निघेल. आणि पान उघडत नसेल तर खरं कारण लिहा. ‘तुमच्या मशीनची तारीख १ जानेवारी २०१२ दिसते आहे’ एवढं एक वाक्य त्या पांढऱ्या पट्ट्यात असतं, तर त्या मुलीनंच स्वतः उठून मला सांगितलं असतं, “मॅडम, सेल गेलाय.” तिचे वडील घड्याळं दुरुस्त करतात.

आमच्या अकराही मशीनचे सेल आता बदलले आहेत. भिंतीवर स्विचबोर्डाशेजारी एक कागद चिकटवलाय. पहिली ओळ, कोपऱ्यातली तारीख बघा. दुसरी, शेजारच्या मशीनवर उघडतंय का बघा. तिसरी, ब्राउझर काय म्हणतो ते वाचा. राउटरला हात लावण्याची ओळ सगळ्यांत शेवटी आहे, आणि ती लाल शाईनं लिहिली आहे.

कळावे,
एक टायपिंग इन्स्टिट्यूटचालक

ता. क. पत्र टपालात टाकायच्या आधी सहा नंबरच्या मशीनवर पुन्हा तोच पांढरा पट्टा. तारीख बरोबर आहे, सेल नवा आहे, ब्राउझर सगळी पानं उघडतो आहे. पट्टा म्हणतो, इंटरनेट तपासा. मुलगा उद्या सकाळी येतो म्हणालाय.