आधी नियम, मग निकाल

बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले त्याला दीडशे वर्षे उलटली, तरी एक समर्थन अजून ऐकू येते: ‘इंग्रजांनी निदान रीतसर खटला तरी चालवला!’ आरोप होता 9 नोव्हेंबर 1874 रोजी रेसिडेंट कर्नल फेयर यांच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड मिसळवल्याचा.

समर्थक म्हणतात, सुनावणी उघडपणे झाली, विलायतेहून आलेले सार्जंट बॅलंटाइन महाराजांसाठी उभे राहिले, साक्षीदारांची उलटतपासणी झाली. चौकशी मंडळाच्या सहापैकी तीन सदस्य तर हिंदी होते: जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. हे सगळे खरे आहे. पण ते कमिशन होते, न्यायालय नव्हते. त्याने मत कळवायचे आणि निर्णय व्हाइसरॉयने घ्यायचा. अध्यक्ष सर रिचर्ड काउच कलकत्ता हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, हेही खरे; पण त्यांच्या जोडीला बसलेले रिचर्ड मीड 1873 साली याच महाराजांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या कमिशनचे अध्यक्ष होते. फिर्याद सरकारची, कमिशन सरकारचे, अंतिम शब्दही सरकारचाच. याला रीतसर म्हणायचे, तर बेरीत कशाला म्हणणार?

आता पुराव्याकडे वळू. 1872 चा पुरावा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. संस्थानात तो आपोआप लागू नव्हता. त्या कायद्याने न्यायाधीशाला एक सावधगिरी शिकवली होती: गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष महत्त्वाच्या बाबींत दुजोऱ्याशिवाय विश्वासार्ह मानू नये. बडोद्यात तर आरोपाची सारी मदार अशाच साक्षींवर होती: रेसिडेन्सीतले नोकर रावजी आणि नरसू, महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत. तिघा इंग्रज सदस्यांना एवढे पुरले. तिघा हिंदी सदस्यांना गुन्हा शाबीत झाला असे वाटले नाही.

संशयाचा फायदा मात्र महाराजांना मिळाला नाही. एप्रिल 1875 मध्ये त्यांना गादीवरून काढले आणि जाहीरनाम्यात कारण दिले ते गैरकारभाराचे. चौकशी एका आरोपाची, शिक्षा दुसऱ्याच आरोपाची!

कोणी म्हणेल, एका मुलखात एक नियम, दुसऱ्यात दुसरा, हेच मूळ दुखणे. तसे नाही. अमेरिकेत संघीय न्यायालयांना 1975 पासून पुराव्याची स्वतंत्र नियमावली आहे आणि राज्यांच्या न्यायालयांना आपापली. काय ग्राह्य आणि काय अग्राह्य, यात फरक पडतो. पण दोन्हीकडचे नियम आरोपीला आधीपासून ठाऊक असतात आणि ते मोडले तर अपील करता येते. भारतात 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि बडोद्याच्या सत्र न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुराव्याचा एकच कायदा चालतो. या दोन्ही रीती न्यायाला धरून आहेत. बडोद्यात 1875 साली ना बंधनकारक नियम होते, ना अपील.

शेवटचा युक्तिवाद परिणामाचा: मल्हाररावांचा कारभार जुलमी होता आणि त्यांच्यामागून सयाजीरावांसारखा राजा लाभला. दोन्ही गोष्टी मान्य. पण सयाजीरावांच्या कर्तृत्वाने ती चौकशी न्याय्य ठरत नाही. जुलमी राजाला गैरकारभारासाठी उघडपणे काढता आले असते. त्यासाठी खटल्याचे सोंग कशाला हवे होते? निकाल आधी ठरवून त्याला चौकशीचा पोशाख चढवणे याला राजकारण म्हणतात. न्याय म्हणत नाहीत.