समुद्री चाच्यांना तळ नकोच

समुद्री चाच्यांच्या ऑनलाइन गेममध्ये प्रत्येक टोळीला स्वतःचं बेट, स्वतःचा तळ मिळावा, अशी मागणी खेळणारे अधूनमधून लावून धरतात. मी शीळफाट्याला राहतो, महाप्याला नोकरी करतो आणि रात्री दिवा-डोंबिवलीच्या मित्रांबरोबर हे गेम खेळतो. या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

तळ बांधायला मजा येते, हे मान्य. लाकूड तोडा, दगड फोडा, भिंती चढवा, तोफा बसवा. पण बांधून झालं की राखण आली. आपण झोपलो म्हणून सर्व्हर झोपत नाही. अशाच एका गेममध्ये आम्ही शनिवार-रविवार खपून तळ उभा केला होता. एका संध्याकाळी मी महापे रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकलो, मित्र लोकलमध्ये होते. जेवून लॉगिन केलं, तर दर्शनी भिंतीला भगदाड, पेट्या रिकाम्या, आणि मेल्यावर ज्या पलंगावर पुन्हा जिवंत व्हायचं तो पलंगही मोडलेला. लुटारू कोण होते, ते आम्हाला दिसलेही नाहीत. लढून हरलो असतो, तर काही वाटलं नसतं. खेळाडू याला ‘ऑफलाइन रेड’ म्हणतात. ज्याच्याकडे दिवसभर रिकामा वेळ आहे, तोच यात जिंकतो. नोकरी, कॉलेज, घर सांभाळून खेळणाऱ्याचा निभाव लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, आंग्र्यांचं आरमार किल्ल्यांच्याच बळावर उभं होतं की! कान्होजी आंग्र्यांना इंग्रजांनी चाचे म्हटलं. पण ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे त्यांचे आधार होते, हे खरंच. पण त्या किल्ल्यांवर रात्रंदिवस शिबंदी होती आणि ती पोसायला मुलखाचा महसूल होता. तीन मित्र मिळून शिबंदी होत नाही. शिवाय तळाला बांधलेलं आरमार कसं संपतं, तेही विजयदुर्गानेच पाहिलं. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना खेटून उभी होती. तोफगोळ्याने एका जहाजाला आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. ज्या गुराबा आणि गलबतांनी मोकळ्या समुद्रात इंग्रजांना जेरीस आणलं, त्यांना हलायलाही जागा उरली नव्हती.

गेममध्येही तळांमुळे समुद्र असाच अडतो. डिसेंबर 2018 मध्ये ‘अ‍ॅटलास’ हा चाच्यांचा गेम आला. हजारो खेळाडू एकाच जगात, प्रचंड समुद्र, आणि झेंडा रोवला की जमीन आपली. मोठ्या टोळ्यांनी पहिल्या काही दिवसांतच चांगले किनारे झेंड्यांनी भरून टाकले. मागून आलेल्याला झोपडीपुरती जागा मिळेना. पुढच्या वर्षी गेमच्या कर्त्यांना नियम बदलावे लागले. मग बेटाचा मालक कर घेऊ लागला आणि बाकीचे त्याच्या जमिनीवर राहू लागले. आधी पोचला त्याची जमीन, हा न्याय शीळ-दिव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळा समजवावा लागत नाही. दिवसभर तो भोगून घरी आल्यावर खेळातही तोच का सोसायचा? ‘रस्ट’ या तळ बांधायच्या दुसऱ्या एका गेममध्ये दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जग पुसून नव्याने सुरू करतात. तळांनी तुंबलेला नकाशा तेव्हाच मोकळा होतो.

याउलट ‘सी ऑफ थीव्ज’ पाहा. 2018 पासून चालू असलेल्या या गेममध्ये वर्षानुवर्षं खेळलेल्याची तोफ आणि आज आलेल्याची तोफ सारखाच मारा करते. लूट बंदरावर विकेपर्यंत कुणीही हिसकावू शकतो, म्हणून क्षितिजावर शीड दिसलं की छातीत धडधडतं. 2022 मध्ये गेमच्या कर्त्यांनी जहाजाला नाव द्यायची, केबिन सजवायची सोय दिली. ताकद मात्र दिली नाही. रात्री दहाला आलो, तासभर लढलो, झोपलो. मागे राखायला काही नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात जीव टांगणीला लागत नाही. आणि समुद्रावर जहाजं भेटतात, कारण कुणी भिंतीआड दबा धरून बसलेलं नसतं.

सजावटीची हौस असणाऱ्यांना घर जरूर द्या, पण इतरांच्या हाती न लागणाऱ्या जागी. त्या घरातून जादा तोफा, फुकटचं लाकूड किंवा पुन्हा जिवंत होण्याची सवलत मिळता कामा नये. आणि भर समुद्रातलं एकही बेट कुणाच्या नावावर चढवू नका.