पूर ओसरल्यावर सरकारी मदत कशी ठरते? पैसे नेमके कुठे अडकतात?

सप्टेंबर 2025 मध्ये अतिवृष्टी आणि सीना नदीच्या पुराने सोलापूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत पिकांसह शेतातली मातीही वाहून गेली. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण घोषणा आणि शेतकऱ्याच्या खात्यातली रक्कम यांच्यामध्ये मोठी साखळी असते. ती समजून घेऊया.

एकच नाव, दोन गोष्टी

बोटी घेऊन येते ते एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. पुण्याजवळ सुदुंबरे येथे त्याची पाचवी बटालियन आहे. याच नावाने केंद्राचा निधीही ओळखला जातो. मात्र मदतीचा पहिला पैसा राज्याच्या निधीतून, म्हणजे एसडीआरएफमधून येतो. महाराष्ट्रासाठी त्यात केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के असतो. आपत्ती मोठी असेल तर राज्य केंद्राकडे जादा मदत मागते, मग केंद्रीय पथक पाहणीला येते.

पंचनामा का महत्त्वाचा?

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून पंचनामा करतात. पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तरच शेतकरी मदतीस पात्र ठरतो. 2022 ते 2026 साठीचे केंद्राचे दर असे:

- कोरडवाहू पीक: हेक्टरी 8,500 रुपये
- बागायत पीक: हेक्टरी 17,000 रुपये
- बहुवार्षिक पीक: हेक्टरी 22,500 रुपये
- मृत्यू झाल्यास वारसांना: 4 लाख रुपये

ही मदत 2 हेक्टरपर्यंतच मिळते. 2025 च्या पॅकेजमध्ये राज्याने ही मर्यादा 3 हेक्टर केली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी 10,000 रुपये वाढवून दिले.

मग ओरड कशाची?

हेक्टरी 8,500 म्हणजे गुंठ्याला जेमतेम 85 रुपये. कारण नियमांनुसार ही नुकसानभरपाई नाही, पुन्हा पेरणीसाठी दिलेला हातभार आहे. भरपाईची जागा पीकविम्याची, आणि त्याचे निकष वेगळे आहेत. पॅकेजच्या मोठ्या आकड्यात रस्ते, वीज यांसारख्या सुविधांची दुरुस्तीही मोजलेली असते. त्यामुळे जाहीर झालेली सगळी रक्कम शेतकऱ्याच्या हातात पडत नाही.

दुसरी अडचण कागदांची. यादी सात-बारावरून तयार होते. सामाईक खाते, मयत खातेदाराचे नाव, आधारला न जोडलेले बँक खाते, यांपैकी काहीही असले तर पैसे अडकतात. बटाईने शेती करणाऱ्याचे नाव तर अनेकदा कागदावर नसतेच. पीक त्याचे जाते, मदत मालकाच्या खात्यात जमा होते.

म्हणून पुढच्या वेळी पॅकेजचा आकडा ऐकला की दोन प्रश्न विचारायला हवेत: यात थेट खात्यात जाणारे किती आणि यादीत नाव कोणाचे?