‘१२ पॉइंट’ हे अक्षराचे माप नव्हे

१/ ‘मजकूर १२ पॉइंटमध्ये असावा’ ही सूचना अर्जांपासून प्रबंधांपर्यंत सर्वत्र आढळते. या आकड्याला शास्त्रीय मापाचा मान दिला जातो. वस्तुतः अक्षर किती मोठे दिसेल, हे तो आकडा सांगत नाही. कधीच सांगत नव्हता. या गैरसमजाची किंमत मराठी वाचक मोजत आहे.

२/ पानाची मापे आणि फॉन्टचा नमुना दाखवणारी छोटी संगणकीय साधने आज अनेकांच्या हाताशी असतात. ती दोन जुन्या वस्तूंची वारस आहेत : खिळे जुळवणाऱ्याची मोजपट्टी आणि खिळे ओतणाऱ्याचे नमुनापत्र. लंडनच्या विल्यम कॅस्लनचे प्रसिद्ध नमुनापत्र १७३४ चे. वारशाबरोबर दोन्ही वस्तूंचे दोषही आले.

३/ आधी मोजपट्टी. फ्रान्समध्ये फुर्निएने १७३७ मध्ये पॉइंटपद्धती मांडली. पुढे दिदोने ती फ्रेंच राजइंचाला जोडली. त्याचा पॉइंट सुमारे ०.३७६ मिलिमीटर. अमेरिकी ओतकामवाल्यांनी १८८६ मध्ये ८३ पायका म्हणजे ३५ सेंटिमीटर असे ठरवले. पॉइंट झाला ०.३५१. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टने इंचाचे ७२ भाग केले. पॉइंट झाला ०.३५३. नाव एक, मापे अनेक. त्याला निसर्गनियम मानण्याचे कारण नाही.

४/ याहून महत्त्वाचा प्रश्न : मोजले काय जात होते? अक्षर नव्हे, तर ते ज्यावर उठवलेले असे तो धातूचा ठोकळा. अक्षर त्या ठोकळ्याच्या मर्यादेत, बहुधा त्याहून बरेच लहान असे. संगणकात धातू गेला, ठोकळा मात्र अदृश्य चौकट होऊन राहिला. म्हणूनच १२ पॉइंटचे दोन फॉन्ट शेजारी ठेवले तर एक मोठा आणि एक लहान दिसतो.

५/ या चौकटीत रोमन अक्षर सुखाने बसते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार हवेत. खाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरे हवीत. ‘र्कीं’ आणि ‘ट्ठू’ एकाच चौकटीत कोंबायचे तर मूळ अक्षर लहान करावे लागते, नाहीतर चौकट ओलांडावी लागते. परिणामी त्याच ‘१२’ मध्ये इंग्रजी ओळ ठसठशीत आणि मराठी ओळ बहुधा किरटी दिसते. द्विभाषिक अर्जात आकडा समान असतो. वाचनाची सोय समान नसते.

६/ यावर ठरलेले उत्तर येते : ‘लिपीच अवघड आहे.’ इतिहास याला दुजोरा देत नाही. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला देवनागरी खिळ्यांसह १८०५ मध्ये छापले गेले. अमेरिकी पॉइंट ठरण्याच्या ८१ वर्षे आधी. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने आपल्या सुबक खिळ्यांनी नाव कमावले. त्या कारागिरांनी लिपीला दोष दिला नाही. लिपीला साजेल असा धातू घडवला.

७/ दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे : ‘मापाला भाषा नसते.’ समास, स्तंभ, ओळींतील अंतर यांबाबत ते खरे आहे. तेथे पॉइंट उत्तम काम करतो. वाचनीयतेची अट म्हणून तोच आकडा लादला की मात्र एका लिपीची सोय दुसरीवर नियम म्हणून बसते.

८/ आता नमुनापत्र. नमुना म्हणून इंग्रजी वाक्य किंवा एखादी हिंदी ओळ दाखवून मराठीची परीक्षा होत नाही. ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह, मराठी वळणाचे ल आणि श, ‘ॲप’मधला ॲ : फॉन्टची उणीव येथेच उघडी पडते. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थानच २००८ मध्ये मिळाले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर नवल नाही.

९/ तेव्हा मागणी साधी आहे. मापन-साधनाने पॉइंटच्या शेजारी ‘क’ची शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये दाखवावी. नमुन्यात मराठीची अवघड अक्षरे असावीत. आणि नियम करणाऱ्यांनी ‘१२ पॉइंट’ऐवजी हीच उंची लिहावी. गेलेल्या धातूचा ठोकळा मोजत बसण्यापेक्षा वाचकाला दिसणारे अक्षर मोजणे केव्हाही शहाणपणाचे.