उलटी मनीऑर्डर

कोकणाला मनीऑर्डर म्हणजे काय ते सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांतून आणि गोदीतून आलेल्या पैशांवर इथली घरं शाकारली गेली, पोरं शिकली. पैसा बाहेरून गावात येतो, ही दिशा ठरलेली. आता रत्नागिरीतून उलट्या दिशेने जाणारी एक मनीऑर्डर तयार झाली आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती जाते वॉशिंग्टनला.

एक उदाहरण कल्पून बघा. आईवडील नोकरीसाठी न्यू जर्सीत होते, तेव्हा मुलगी जन्मली. तिथे जन्मली म्हणून अमेरिकन नागरिक झाली. तीन वर्षांची असताना घर रत्नागिरीला परतलं. शाळा इथे, कॉलेज इथे, आता घरातूनच पुण्या-मुंबईच्या ग्राहकांसाठी डिझाइनची कामं करते. खर्च वजा जाता वर्षाला १०,००० डॉलर, म्हणजे साडेआठ-नऊ लाख रुपये सुटतात. भारतात नव्या करप्रणालीत तिचा प्राप्तिकर शून्य. अमेरिकेचा प्राप्तिकरही शून्य, कारण परदेशात कमावलेल्या उत्पन्नाला तिथे मोठी सूट आहे. २०२५ साठी ती १,३०,००० डॉलर आहे.

मग तक्रार कसली? तक्रार स्वयंरोजगार कराची. स्वतःच्या धंद्यातून वर्षाला ४०० डॉलर निव्वळ सुटले, की हा कर लागू होतो. दर १५.३ टक्के, निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्के रकमेवर. वरची सूट याला लागत नाही. भारतात भरलेला प्राप्तिकर यातून वजा होत नाही. १०,००० डॉलरवर हिशेब होतो १,४१३ डॉलर. सव्वा लाख रुपयांच्या आसपास, आणि तेही जिला दोन्ही देशांनी प्राप्तिकरापुरतं ‘तुझं काही देणं नाही’ असं सांगितलं आहे तिच्याकडून.

‘पण त्यातून पेन्शन मिळते ना?’ मिळते, साधारण १० वर्षं भरल्यावर. हे मान्य करायलाच हवं. पण त्या १५.३ मधले २.९ टक्के मेडिकेअरचे, आणि मेडिकेअर सहसा अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे देत नाही. उद्या तिचा अपेंडिक्स रत्नागिरीत दुखला, तर ती योजना तिच्या उपयोगाची नाही. जी विहीर आपल्या वाडीत नाही, तिच्या उपशाची वर्गणी का भरायची?

अमेरिकेकडे याचं जुनं उत्तर आहे. १९२४ साली ‘कुक विरुद्ध टेट’ खटल्यात मेक्सिकोत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाने हाच प्रश्न विचारला होता. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नागरिक कुठेही असला तरी सरकारचा त्याला लाभ होतोच, म्हणून कर घेता येतो. जग मात्र राहण्याच्या जागेवरून कर घेतं. नागरिकत्वावरून परदेशातल्या माणसाच्या कमाईला हात घालणाऱ्यांत अमेरिकेसोबत ठळकपणे नाव घेतलं जातं ते एरिट्रियाचं. ही सोबत महासत्तेला शोभणारी नाही.

दिल्लीलाही मोकळं सोडता येणार नाही. जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया अशा सुमारे ३० देशांनी अमेरिकेशी सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत. एकाच कमाईवर दोन देशांची वर्गणी पडू नये, हा त्यांचा हेतू. भारताचा असा करार नाही. आपण तो अनेक वर्षं मागतो आहोत, पण चर्चा ऐकू येते ती अमेरिकेत नोकरीला गेलेल्या इंजिनिअरांची. उद्या करार झाला तरी आपल्या मुलीला कोणत्या भारतीय योजनेत दाखवणार? नोकरदाराला पीएफ आहे, स्वतःचा धंदा करणाऱ्याला सक्तीची अशी कुठलीच योजना नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

माहिती देण्यात मात्र आपण तत्पर. बँक किंवा म्युच्युअल फंडाच्या केवायसीत ‘तुम्ही दुसऱ्या देशाचे करदाते आहात का’ यावर तुम्ही मोबाइलवर टिक करता ना? तो २०१० च्या फाट्का कायद्याचा परिणाम. ९ जुलै २०१५ ला भारताने त्यासाठी करार केला, आणि इथल्या अमेरिकन नागरिकांच्या खात्यांची माहिती तिकडे जाऊ लागली. अशी माहिती पोचवायला दोन सरकारं एकत्र बसली. वर्गणीचा घोळ सोडवायला त्यांना वेळ नाही.

‘मग पासपोर्ट सोडून दे,’ असं कुणी सहज म्हणेल. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही. ज्या गावात ती जन्मभर राहिली, तिथे तिला मत नाही. अमेरिकन नागरिकत्व सोडायचं तर आधीच्या ५ वर्षांचे कर नीट भरल्याचं लिहून द्यावं लागतं, नाहीतर बाहेर पडण्याच्या कराचं लचांड मागे लागू शकतं. म्हणजे सुटकेची वाटही त्याच करखात्यातून.

‘माझ्या पोरीकडे अमेरिकन पासपोर्ट आहे’ असं कौतुकाने सांगणाऱ्या आईवडिलांनी पोरीला हेही सांगावं: विवरणपत्र तुला भरायचंय, परदेशात राहणाऱ्यांना १५ जूनपर्यंत मुदत मिळते, आणि इथल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर वेगळा अहवाल द्यावा लागतो. माहीत नव्हतं म्हणून राहिलं असेल, तर मागच्या ३ वर्षांची विवरणपत्रं आणि ६ वर्षांचे खात्यांचे अहवाल भरून नियमात येण्याची सोय आहे. ती घ्यावी, लपून राहू नये.

पण नियम पाळायचा म्हणजे तो न्याय्य म्हणायचा असं नाही. भारत-अमेरिका वाटाघाटींच्या टेबलावर आयटी कंपन्यांच्या यादीशेजारी आणखी एक ओळ हवी: भारतात राहून, भारतात कमावणाऱ्या स्वयंरोजगारीकडून अमेरिकेने ही वर्गणी घेऊ नये. आणि भारताने अशा माणसांसाठी सामाजिक सुरक्षेची खरीखुरी योजना उभी करावी, म्हणजे समोरच्याला ‘तुमच्याकडे आहेच काय’ असं विचारता येणार नाही.