काळोखाचे कौतुक पुरे!

काळोखाला माणूस भितो, हे मला मान्य नाही. रोज रात्री दिवा मालवून आपण त्याच काळोखात सुखाने घोरतो. माणूस भितो तो उजेड जिथे संपत येतो त्या काठाला. एवढी साधी गोष्ट आजच्या भयपटवाल्यांना कोणीतरी सांगायला हवी, म्हणून ऐन दिवाळीत हे भांडण उकरून काढतो आहे. वाचकांनी क्षमा करावी. फराळाचे ताट मात्र दूर सारू नये.

भांडणाला निमित्त झाला माझा नातू. मध्यंतरी त्याने घरच्या टीव्हीवर एक नवा भयपट लावला. खिडक्यांचे पडदे ओढले, सगळे दिवे घालवले. पहिली वीस मिनिटे मला काचेत आमचा सोफा आणि त्यावर बसलेला मी, एवढेच दिसत होते.

"अरे, चाललंय काय?" मी विचारले.

"आजोबा, काही दिसत नाही, हीच तर भीती!"

तेवढ्यात कर्कश आवाज झाला नि आम्ही दोघेही दचकलो. पण दचकणे म्हणजे भिणे नव्हे. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकतो.

जुन्या लोकांनी काळोख वापरला नाही काय? भरपूर वापरला, पण घडवून वापरला. तेव्हाच्या फिल्मला उजेड फार लागे. छायाचित्रकार आधी दिव्यांचा लखलखाट करी आणि मग पुठ्ठे, काळी फडकी आडवी धरून नको तिथला उजेड अडवी. म्हणजे पडद्यावरची प्रत्येक सावली कोणीतरी हाताने तिथे ठेवलेली असे. १९४९ चा 'महल' आठवा. दिग्दर्शन कमाल अमरोहींचे, कॅमेरा जर्मनीहून बॉम्बे टॉकीजमध्ये आलेल्या योसेफ विर्शिंग यांचा. ओसाड हवेलीतून अशोककुमार फिरतो आणि झोपाळ्यावर मधुबाला दिसते. पुढे कळते, की ती भूत नव्हे, माळ्याची मुलगी. भूत खोटे निघाले तरी ती भीती काही खोटी पडत नाही!

किंवा १९४२ चा अमेरिकन 'कॅट पीपल' घ्या. दिग्दर्शक जाक तूर्नर, छायाचित्रकार निकोलस मुसुराका. रात्रीच्या वेळी एक स्त्री पोहण्याच्या बंदिस्त तलावात एकटी. पाण्यावरून उठलेला उजेड भिंतींवर, छतावर हलतो आहे. कुठून तरी गुरगुर ऐकू येते. श्वापद काही नीट दिसत नाही, पण ती भिंत दिसते, आणि ती हलते.

याहून मोठा पुरावा हवा? १९६१ चा 'द इनोसन्ट्स' पाहा. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी रुंद चौकटीच्या कडा अंधाऱ्या व्हाव्यात म्हणून कडेला रंगवलेल्या काचा भिंगापुढे लावल्या. तरीही त्यातले सर्वांत भयंकर दृश्य भर दिवसाचे आहे. तळ्यापलीकडे लव्हाळ्यांत काळ्या पोशाखातली एक बाई उभी, बस्स. काळोखाच्या भक्तांनी याचे उत्तर द्यावे.

उत्तर ठरलेले आहे: "आता कॅमेरा मेणबत्तीच्या उजेडातही पाहतो, आम्ही खरी रात्र दाखवतो." खरी रात्र? माझे लहानपण कोकणात, वीज नसलेल्या घरात गेले. पडवीत कंदील, चुलीपाशी चिमणी. आजी उठली की तिची सावली आढ्यापर्यंत चढायची आणि माळ्याच्या अंधारात मोडायची. खऱ्या रात्रीला दिव्याची जागा असते. आता कॅमेऱ्याला फार उजेड लागत नाही, म्हणून दिवा कुठे ठेवावा हा विचारच मागे पडला. संगणकावर सगळेच काळे करायचे; मग घरच्या टीव्हीवर त्या काळ्याचे करडे चौकोन होतात नि त्यालाच वातावरण म्हणायचे! यापेक्षा रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) बरा. निदान त्यांचे भूत तिकिटाच्या पैशांत दिसत तरी होते.

सगळेच असे नाहीत, हेही सांगतो. २०१८ च्या 'तुंबाड'मध्ये पंकज कुमार यांनी पावसाचा करडा उजेड आणि जमिनीच्या पोटातला तांबडा उजेड असे काही समोरासमोर ठेवले, की मला आमची पडवी आठवली.

परवा नातवाला मुद्दाम 'कॅट पीपल' दाखवला. खोलीतले दिवे चालू ठेवून. तलावाचे दृश्य आले तसा तो हातातली चकली खायचा थांबला. चित्रपट संपल्यावर "जुना आहे, पण ठीक आहे," एवढेच म्हणाला. रात्री अकराच्या सुमारास त्याने आईला हाक मारली, "आई, मधल्या खोलीतला दिवा राहू दे गं!"